श्रावणातला सावा

श्रावणी सोमवारी सकाळी शंकराच्या देवळात रुद्राभिषेक चालू असतो. रुद्र संपतो आणि चमक सुरू होतं. देवाकडे काय काय मागायचं त्याची ती लांबलचक मागणी. चौथ्या अनुवाकात धान्यं येतात. भात, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर अशी ओळखीची नावं होत होत शेवटाकडे श्यामाक आणि नीवार येतात. नीवार हा न पेरता उगवणारा रानभात. श्यामाक म्हणजे सावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गुरुजींचा आवाज तिथं थांबत नाही, ऐकणाऱ्यांतही फार थोड्यांचं लक्ष जात असेल. त्याच वेळी गावाबाहेर वावरात बाया सोयाबीनची पात धरून निंदत असतात, आणि त्यांच्या मुठीत येणाऱ्या गवतात सावा असतोच.

अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीचं पाणी कावडीनं येतं. गांधीग्रामहून रात्रभर चालत तरुण ते राजराजेश्वराला आणतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा सोयाबीन शेंगेवर आलेलं असतं, कपाशीला पात्या धरलेल्या असतात आणि धुऱ्यावरच्या साव्याचं बी पिकून झडू लागलेलं असतं. सकाळच्या वेळी मन लावून विचार करावा असा विषय मला या गवताइतका जवळ दुसरा दिसत नाही.

वावरात उगवतो तो रानसावा. कोणी त्याला पाखड म्हणतं, कोणी नुसतंच सावा. वनस्पतिशास्त्रात तो एकिनोक्लोआ कोलोना. एका पावसाळ्याचं आयुष्य. मृगाचा पाऊस झाला की थोड्याच दिवसांत काळ्या मातीतून त्याची पोपटी पाती वर येतात. बुडाशी खोड लालसर-जांभळं असतं, पानांवर कधी कधी जांभळे आडवे पट्टे उमटतात. तुऱ्याच्या दांड्यावर आखूड आखूड फांद्या, प्रत्येकीवर दाण्यांच्या दाट रांगा, दाणा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, त्याला कुसळ नाही. आणखी एक नेमकी खूण आहे. पान जिथं खोडाला वेढतं तिथं बहुतेक गवतांना पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर असते. साव्याची ती जागा अगदी कोरी असते. भाताच्या रोपात मिसळलेला सावा ओळखायला अभ्यासक हीच खूण बघतात.

निंदणारी बाई एवढं वाकून बघत नाही. दोन पानांवर असलेला सावा तिला नजरेनंच कळतो. सोयाबीनचं पान रुंद, त्यामुळे आता ही ओळख त्या मानानं सोपी झाली आहे. पूर्वी वावरात ज्वारी असायची. ज्वारीचं कोवळं रोप आणि गवताचं कोवळं रोप शेजारी शेजारी उभी असली की नवख्याची फसगत ठरलेली. मुलींना हे शिकवणारी शाळा म्हणजे वावरच. पात धरून बसलेल्या म्हातारीच्या बाजूला नवी मुलगी बसायची. ती चुकून पिकाचं रोप उपटायची, ओरडा खायची, आणि दोन-तीन हंगामांत तिचा हात आपोआप चालायला लागायचा. "उपटलं तं मुया वर कर, माय. ओल्यात पडला तं पुन्हा जीव धरते थो," हे वाक्य अशा शाळेतलं. ते खरंही आहे. साव्याच्या खोडाला खालच्या पेरांपाशी मुळ्या फुटतात, त्यामुळे उपटून तिथंच टाकलेला सावा ओल्या मातीला टेकला की उभारी धरतो. जाणती बाई मूठ झटकून माती पाडते आणि मुळं उन्हाकडे करून ठेवते.

शेतकऱ्याच्या लेखी सावा हे तण आहे, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटीमीटर अंतर. ते झाकायला पिकाला महिना-दीड महिना लागतो. तेवढ्या काळात जमीन उघडी, ओल भरपूर, ऊन कडक. सावा ज्वारी-मक्याच्या जातकुळीतला. कडक ऊन आणि कोंदट उष्मा त्याला मानवतो, आणि अशा हवेत तो सोयाबीनला सहज मागं टाकतो. हे पहिले दिवस हातचे गेले तर पुढं कितीही निंदलं तरी गेलेलं उत्पन्न परत येत नाही. डवरा दोन ओळींमधलं गवत काढतो, पण ओळीच्या आत, अगदी पिकाच्या बुडाशी उभं असलेलं गवत डवऱ्याच्या फासेला लागत नाही. ते हातानंच काढावं लागतं. डवरा चालायला वाफसा हवा. झड लागली आणि आठ-आठ दिवस उघाड मिळाली नाही, तर बैल गोठ्यात, बाया घरात, आणि सावा एकटाच वावरात वाढत राहतो. काळ्या चोपण मातीत पाय रुततो अशा दिवसांत धुऱ्यावर उभं राहून हिरवं होत चाललेलं वावर बघणाऱ्या शेतकऱ्याच्या मनाची अवस्था ज्यानं पाहिली आहे, त्यानं तणाचं कौतुक जपून करावं.

या गवताची चिकाटी त्याच्या बियांत आहे. पीक तयार होण्याच्या कितीतरी आधी त्याचं बी पिकतं आणि जागच्या जागी झडतं. उगवायला त्याला उजेडाची मदत होते. वरच्या बोटभर थरातलं बी पटकन उगवतं, खोल गेलेलं वाट बघत पडून राहतं. पुढं कधी वखरानं ते वर आणलं की त्याची पाळी येते. म्हणून प्रत्येक मशागत तणाचं एक पीक मारते आणि दुसऱ्याला जागं करते. आपल्या जुन्या शेतकऱ्यांनी यावर तोड काढली होती. पहिला पाऊस पडू द्यायचा, तण उगवू द्यायचं, मग वखराची एक पाळी देऊन ते मोडायचं आणि तेव्हा तिफण धरायची. त्यासाठी पावसावर भरवसा लागतो. आता मृग कोरडा जातो, आर्द्रात एकदम पाऊस कोसळतो आणि पेरणीला मिळतात दोन दिवस. त्यात तण उगवण्याची वाट कोण बघणार? या साध्या, बिनखर्ची उपायाची सवड हवामानानं काढून घेतली, याचं मला फार वाईट वाटतं.

पण निंदून काढलेल्या साव्याचं पूर्वी काय व्हायचं? संध्याकाळी बाया घरी निघायच्या तेव्हा प्रत्येकीच्या डोक्यावर गवताचा भारा असायचा. मजुरी मालकाची, गवत तिचं, असा अलिखित रिवाज पुष्कळ गावांत होता. दारात शेळी असायची, एखादी म्हैस असायची. पूर्णेच्या काठची पूर्णाथडी म्हैस खारपाणपट्ट्यातल्या बेताच्या चाऱ्यावर दूध देणारी म्हणून नावाजलेली; तिच्या पावसाळी दुधात या निंदणाच्या गवताचा मोठा वाटा. बी धरायच्या आत कापलेला सावा जनावरं चवीनं खातात. म्हणजे जे मालकाच्या पिकातून वजा व्हायचं ते मजुराच्या गोठ्यात जमा व्हायचं, आणि त्या गोठ्यातलं शेण पुन्हा कुठल्यातरी वावरात जायचं.

ही साखळी कधी तुटली ते वऱ्हाडात कोणालाही विचारा. १९९० नंतर सोयाबीन वाढलं, ज्वारी घटली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरं कमी झाली, बैलजोडीच्या जागी भाड्याचा ट्रॅक्टर आला. सोयाबीनचं कुटार जनावरं खातात, पण कडब्याची सर त्याला नाही. आज निंदलेलं गवत धुऱ्यावर टाकून देतात, कारण घरी ते कोणापुढं टाकायचं हा प्रश्न आहे. सावा बदललेला नाही. तो पूर्वी होता तेवढाच पिकाला त्रास देतो. त्याचा आपल्याला जो उपयोग होता तो मात्र संपला, आणि उरला तो फक्त त्रास.

आता दाण्याकडे येतो. पेरून पिकवतात तो सावा, शास्त्रात एकिनोक्लोआ फ्रुमेंटेशिया, या रानसाव्यापासूनच भारतात घडला. दोघांचा आजही संकर होतो आणि त्या संकराला उगवणारं बी धरतं, इतकं त्यांचं नातं जवळचं. दोघांत सर्वांत महत्त्वाचा फरक एवढाच, की रानसाव्याचा पिकलेला दाणा झडतो आणि पेरसाव्याचा कणसावर टिकून राहतो. हा फरक आपोआप पडला नाही. कोणीतरी रानात जाऊन गवताची कणसं ओरबाडली. जे दाणे झडले ते मातीत गेले, जे टिकले ते घरी आले, आणि त्यांतलेच पुढच्या पावसाळ्यात पेरले गेले. असं पिढ्यान्‌पिढ्या झालं तेव्हा धान्य तयार झालं. ओरबाडणारे ते हात बहुतेक बायांचेच असणार, असं माझं मन सांगतं.

आणि हे आपल्याकडेच झालं असं नाही. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण कडेला लोक गवतांचं मिसळीचं बी झोडून आणून खात आले, त्यात हा रानसावाही असतो. इजिप्तमध्ये नगा-एद-देर इथल्या राजवंशपूर्व काळातल्या मृतदेहांच्या आतड्यांत त्याचे दाणे मिळाले आहेत. आपल्याकडे वेदकाळात नव्या धान्याची इष्टी करत, ती आग्रयण. त्यात भाताची वेगळी, जवाची वेगळी आणि श्यामाकाची वेगळी. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतला सासरी निघते तेव्हा जो हरिणाचा पोर तिचा पदर सोडत नाही, तो मुठी-मुठीनं श्यामाक भरवून तिनं वाढवलेला आहे. आईवेगळ्या पाडसाला काय भरवावं, तर आश्रमाच्या आसपास सहज मिळणारं हे बारीक धान्य, ही कवीची निवड मला फार खरी वाटते.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून गेलं की या गवताचं घराणं पुन्हा धान्याच्या मानानं भेटतं. मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर, कोरकू शेतकरी कोदो, कुटकी आणि सावा पेरत आले आहेत. उथळ, दगडाळ जमीन, खताची ऐपत नाही, पावसाचा नेम नाही; अशा ठिकाणी लवकर हाती येणारं आणि वर्षानुवर्षं साठवता येणारं धान्य म्हणजे घरातल्या लेकरांचा आधार. जिल्हा एकच, अमरावती. खाली दर्यापूर-अंजनगावच्या काळ्या जमिनीत ज्याला उपटायचं, त्याच्या भावाला वर डोंगरात राखायचं. तिथंही हा पेरा आता कमी होत चालला आहे. त्याला कारणं आहेत. दाण्यावरचं टरफल घट्ट असतं, ते काढायला उखळात कांडावं लागतं आणि ते कष्ट बाईच्याच वाट्याला. रेशनचे तांदूळ-गहू स्वस्तात मिळतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, भारतानंच तो ठराव मांडला होता. शहरांत प्रदर्शनं झाली. मला वाटतं, डोंगरातल्या गावागावात टरफल काढायचं एकेक लहान यंत्र पोचलं असतं तर त्या बायांना त्या वर्षाची खरी आठवण राहिली असती.

खालच्या मुलखात सावा ताटात येतो तो उपासाला. किराणा दुकानात भगर म्हणून जे मिळतं त्यात कुठं वरी असते, कुठं सावा. आषाढी असो की शिवरात्र, घरोघरी शेंगदाण्याच्या आमटीबरोबर ती शिजते. भाद्रपदात ऋषिपंचमी येते. शेगावला त्या दिवशी गजानन महाराजांची पुण्यतिथी असते आणि सारा वऱ्हाड तिकडे लोटतो. याच दिवशी बायांचं व्रतही असतं. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, नांगर न लागता जे आपोआप उगवलं तेच खायचं. वर्षभर बैलाकडून काम करून घेणाऱ्या समाजानं एक दिवस असा ठेवला आहे, की त्या दिवशी जमीन स्वतःहून जे देते त्यावर राहायचं. या व्रताची ज्या कोणी आखणी केली असेल, तिला किंवा त्याला रानातलं काय काय खाता येतं ते पुरतं माहीत होतं. आज आपण बाजारातून भाज्या आणून ते व्रत पाळतो. पाळतो हेही चांगलंच आहे. पण त्या व्रतामागचं रानाचं ज्ञान हातातून निसटत चाललं आहे.

ते निसटण्याचं मोठं कारण पाठीवरचा पंप. आज वऱ्हाडात सोयाबीन दोन-तीन पानांवर आलं की तणनाशकाची फवारणी होते. इमॅझेथापायर, क्विझॅलोफॉप ही नावं कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर बसलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. मी त्याला दोष देणार नाही. निंदणाला ऐन वेळी माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि झडीत वाट बघायला वेळ नसतो. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथं शेतकरी संघटनेच्या हाकेला ओ देऊन मोठ्या संख्येनं शेतकरी जमले आणि त्यांनी तणनाशक सहन करणारं, सरकारची मान्यता नसलेलं कपाशीचं बियाणं उघडपणे पेरलं. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा तुरुंगवास होऊ शकत होता, हे ठाऊक असताना पेरलं. त्या पेरणीच्या बाजूचे आणि विरोधातले वाद पुष्कळ झाले. मला त्यात ऐकू आलं ते निंदणाच्या खर्चानं वाकलेल्या माणसाचं गाऱ्हाणं, आणि ते खरं होतं.

तरी दोन गोष्टी मनातून जात नाहीत. पहिली, गवत हार मानत नाही. हाच रानसावा ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये, २००७ साली ग्लायफोसेटला दाद देईनासा झाल्याचं नोंदलं गेलं. एकाच औषधाचा मारा वर्षानुवर्षं होत राहिला की त्यातून जी थोडी रोपं वाचतात त्यांचंच बी पुढं पसरतं. दाणा टिकवून ठेवणारं कणीस माणसानं ज्या रीतीनं निवडलं, त्याच रीतीनं तो आता औषधाला न मरणारं गवत निवडतो आहे, फक्त नकळत. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. कागदावरचं हे बंधन धुऱ्यापर्यंत कितपत पोचतं, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

दुसरी गोष्ट निंदणाऱ्या बाईची. भूमिहीन घरातल्या बाईच्या हातात खरिपात रोख पैसा यायचा तो निंदणाचा. पुढं कापूस वेचणीपर्यंत तोच आधार. पंपानं शेतकऱ्याचा जो खर्च वाचवला, त्यातला मोठा हिस्सा हिच्या पदरातून गेला. निंदण हे सुखाचं काम आहे असं कोणी म्हणू नये. दिवसभर उकिडवं बसून पुढं सरकत राहायचं, पाठीवर पाऊस किंवा ऊन, बोटांना चिरा, गुडघ्यांची आयुष्यभराची कळ. हे काम कमी झालं याचा तिला आनंदही झाला असेल. पण त्या कामाबरोबर तिची मजुरी गेली, भारा गेला, आणि तिला जे येत होतं त्याला विचारणारं कोणी उरलं नाही.

तिला पुष्कळ येत होतं. औषध फवारताना बघायचं असतं ते फक्त रुंद पानाचं की बारीक पानाचं, आणि किती पानांवर आहे. निंदणारी बाई वावरातलं एकेक झाड ओळखायची. कुंजर वेगळं ठेवायची, कारण त्याची भाजी होते. घोळ, तांदुळजा, पाथरी ओटीत टाकायची. केना म्हशीला, सावा शेळीला. उपटता उपटता ती वाटे घालत होती, आणि त्या वाट्यांत माणूस, जनावर आणि पीक तिघांचा विचार होता.

अकोल्याचं कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झालं आणि त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या शेतकरी घरात १८९८ साली जन्मलेल्या पंजाबरावांनी विलायतेत डॉक्टरेट मिळवली ती वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर, आणि पुढं दहा वर्षं देशाचं कृषिखातं सांभाळलं. त्यांच्या नावाच्या या विद्यापीठात तणनियंत्रणाचे प्रयोग होतात. एका चौरस मीटरात तण किती, वाळवून वजन किती, कोणत्या औषधानं किती आटोक्यात आलं, अशा नोंदी शास्त्र ठेवतं आणि त्या लागतातच. त्यांच्या शेजारी आणखी एक वही असावी असं मला मनापासून वाटतं. कोणतं गवत म्हशीला आधी टाकायचं, कोणतं बी धरायच्या आत कापायचं, कोणतं भाजीला चालतं, कोणतं जनावराच्या पोटाला बाधतं, कोणत्या जमिनीत कोणतं आधी उगवतं, हे त्या वहीत यावं. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांतल्या कितीतरी जणींनी आता साठी ओलांडली आहे, गुडघ्यांमुळे त्यांना वावरात बसवत नाही. पण धुऱ्यावर खाट टाकून दिली तर त्या दिवसभर सांगतील. विद्यापीठातल्या मुलामुलींनी, गावच्या शाळेतल्या मास्तरांनी, नाहीतर घरातल्या नातवंडांनी त्यांच्याजवळ बसायला हाच महिना बरा. सावा सध्या तुऱ्यावर आहे, हातात धरून दाखवता येईल.